ना हरकत

वाशीच्या आरटीओत अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, चार प्रती,
प्रत्येकीवर चेसिसचा ठसा हवा.
परेश एजंट बॉनेट उघडून वाकला,
कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासत गेला.
करड्या धुळीतून एकेक आकडा वर आला,
शाळेत वहीच्या पानाखाली नाणं ठेवलं की
सिंह यायचे तसा.

"राज्य बदलतंय ना मॅडम, मग ना हरकत लागतंच.
कुणाची काही हरकत नाही, असं लिहून."

हरकत एक निघाली.
पाचशे रुपयांची, थकलेल्या चलनाची.
घणसोलीचा सिग्नल, पहाटे सहा वाजून चार मिनिटं.
मोबाईलवर फोटो उघडला:
गाडीची पाठ, लाल दिवा, एमएच त्रेचाळीस,
आणि डाव्या खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर आलेला
एक हात.

चालवत मी होते.
हात दादांचा.
मंगळवारचं डायलिसिस, साडेसहाची पाळी,
कितीदा सांगितलं, हात आत घ्या.
"वारा बगतंय गो," म्हणायचे.
होडी विकून अकरा वर्षं झाली होती.

पाचशे भरले. त्याआधी फोटो ठेवून घेतला.
हाताला सुईची पट्टी आहे की नाही
ते मोठं करून पाहिलं, नुसते चौकोन दिसले.

आमच्या घरात सही करणारी मी पहिलीच.
आज्याने अंगठा दिला होता.
नोटीस मराठीत होती, चांगलं मोठं अक्षर होतं म्हणे,
आज्याला फक्त भरतीचं वेळापत्रक वाचता यायचं,
तेही पाण्यावर.
खाजण गेलं, त्यावर कंपनी आली.
कंपनीच्या पार्किंगमध्ये, रविवारी,
जिथे आजीने भात लावला होता त्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये
मी रिव्हर्स शिकले.
आता कंपनी होसूरला चाललीय.
मशिनं गेली, कँटीनची भांडी गेली,
मी आणि माझी गाडी त्याच यादीत आहोत, खालून तिसऱ्या पानावर.
जमीन तेवढी इथे राहतेय.
ती कुणाची, ते विचारायला अजून कुठला फॉर्म असतो
परेशला माहीत नव्हतं.

कळंबोलीच्या यार्डात आई आली होती, नको म्हटलं तरी.
लांबलचक ट्रक, दोन मजली, पोटात सात गाड्या.
"गारीवर गारी चरवतान? मंग हिला चालवनार कोन?"
"कुणीच नाही. ती बसून जाणार."
आई बराच वेळ हसली. मग म्हणाली,
"तुज्या दादाला आवरलं असतं."

सामान ठेवायचं नाही, पेट्रोल पाच लिटरच,
फास्टॅग काढा, देव काढा.
एकवीरेचा फोटो आईने पदरात घेतला.
पोरगा गाडीभोवती फिरत लिहीत होता:
पुढचा बंपर, ओरखडा.
मागचा उजवा दिवा, तडा.
डाव्या खिडकीच्या कडेशी थांबला.
तिथला रंग घासून घासून पांढरट झालाय, हातभर.
"हे कशाने?"
मी शब्द शोधत होते,
त्याने तोवर लिहूनही टाकलं: वापराने.

इर्शादने गाडी रॅम्पवरून वर घेतली, चाकांना साखळ्या घातल्या.
सगळ्यात वरचा मजला, तोंड मागे.
म्हणजे पुण्यापर्यंत, कोल्हापूरपर्यंत, पार हद्दीपर्यंत
ती इकडेच बघत जाणार.
"मॅडम, बायाँ शीशा थोडा खुला रह गया,"
वरून तो ओरडला, "चावी दो, बंद करता हूँ."

चावी त्याच्याच खिशात होती.
आईने माझ्याकडे पाहिलं.
मी पावतीची घडी घालत होते,
चार घड्या झाल्या, पाचवी बसेना.